एका रबराची बाटली

"पोरीचं स्वेटर घ्यायचं का न्हाई?" आईनं आतल्या खोलीतून विचारलं.

एप्रिल महिना होता. सोलापुरात सकाळी दहालाच फरशी तापलेली. मी भाकरी थापत होते. म्हणाले, "स्वेटर कशाला? उन्हाळा चाललाय."

"आता उन्हाळा हाय. पुढं थंडी यायची न्हाई का?"

म्हणजे आई ईश्वरीला थंडीपर्यंत ठेवून घेणार होती. माझा हात पिठातच थांबला. आधी दोन महिने म्हणाली होती, मग दिवाळीपर्यंत म्हणाली, आणि आता स्वेटर. हे प्रकरण शाळेत नाव घालेपर्यंत जाणार, हे मला तेव्हा कळलं.

ईश्वरी माझी मुलगी. सव्वा वर्षाची होती. मी आणि माझा नवरा श्रीशैल, दोघंही पूर्ण अंध. तो बँकेत टेलिफोन ऑपरेटर, आणि मी अंध मुलांना संगणक शिकवायचे, बाळंतपणानंतर घरूनच, फोनवरून. ईश्वरीला मात्र चांगलं दिसतं. तिच्या पायात घुंगरांचे वाळे होते, त्यामुळे ती कुठे आहे, उभी आहे की बसली आहे, हे मला दुसऱ्या खोलीतून कळायचं. वाळे गप्प झाले की समजायचं, काहीतरी उद्योग चाललाय.

मागच्या महिन्यात ती उंबऱ्यावरून पडली आणि कपाळाला टाके पडले. डोळस माणसांच्या घरात मूल उंबऱ्यावरून पडलं तर लोक उंबऱ्याला नावं ठेवतात. आमच्याकडे पडलं तेव्हा सगळ्यांना आमचे डोळे आठवले. माझ्या दोन भावांनी गावाकडे बसून ठरवलं की पोर आजीपाशी राहील. ते ठरलेलं घेऊन आई अक्कलकोटच्या पलीकडून आमच्याकडे आली होती. आठवडाभर राहिली, आणि आज चारच्या एसटीनं ती ईश्वरीला नेणार होती.

मी नाही म्हणाले नव्हते. खरं सांगायचं तर ते टाके पडल्यापासून मीही घाबरले होते. ईश्वरीला जवळ घेतलं की बोट आपोआप तिच्या कपाळावरच्या त्या वणावर जायचं. श्रीशैल म्हणाला होता, "तू ठरव. तू म्हणशील ते." नवरे असं म्हणतात तेव्हा सगळं ओझं आपल्या डोक्यावर देऊन मोकळे होतात.

आई त्या आठवड्यात स्वस्थ बसली नाही. तिनं माळा झाडला, डबे घासले, पडदे धुतले. माझ्या फोनशी तिचं सुरुवातीपासूनच वाकडं होतं. आमचा फोन पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो, आणि सवयीनं आम्ही त्याचा वेग इतका वाढवतो की नव्या माणसाला त्यातलं अक्षर कळत नाही. मला मात्र हळू बोलणारा फोन सहन होत नाही.

"ही कोन भवानी हाय गं? दम बी घेत न्हाई बोलताना," आई म्हणायची.

"मला वाचून दाखवते."

"काय वाचती?"

"काहीही. मेसेज, पेपर."

"आन् मला एक शब्द कळू देत न्हाई. आपल्या घरात बसून तुमचं दोघींचं खुसुखुसु."

मी हसून सोडून दिलं होतं. पण तिचं खोटं नव्हतं. भाऊ, भावजय, सासरचे, सगळ्यांसमोर मी त्याच वेगात फोन ऐकायचे, आणि कुणाला काही कळत नाही याचं मला बरं वाटायचं. डोळस माणसांत राहून आपलं असं काही फार थोडं उरतं.

भाकऱ्या झाल्या, जेवणं झाली. आईनं ईश्वरीची पिशवी भरून दाराशी ठेवली. मी ईश्वरीला मांडीवर घेतलं तेव्हा ती तापलेली लागली. उन्हानं असेल म्हणून मी थोडा वेळ जाऊ दिला. मग मानेला हात लावला, पोटाला लावला, आणि कपाटातून बोलणारं थर्मामीटर काढलं. त्यानं एकशे दोनच्या वर सांगितलं.

"ताप आलाय," मी म्हणाले.

आईनं येऊन हात लावला. "आगं बया, लईच हाय की. औषध दे लवकर."

औषधांची फळी स्वयंपाकघरात माझ्या खांद्याच्या उंचीवर होती. तिथं आमची एक रीत होती. तापाच्या औषधाच्या बाटलीला एक रबर, खोकल्याच्या बाटलीला दोन रबरं. नणंद तिच्या मोठ्या मुलाचं तापाचं औषध विसरून गेली होती, ते दुप्पट जोराचं. त्या बाटलीला रबर नाही, आणि रबर नसलेल्या बाटलीला हात लावायचा नाही. दुकानदार नवी बाटली द्यायचा तेव्हा त्याच्या समोरच आम्ही तिला रबर चढवायचो. गेल्या सव्वा वर्षात त्यात एकदाही गफलत झाली नव्हती.

मी फळीवर हात फिरवला. तीन बाटल्या एका ओळीत, सारख्या अंतरावर उभ्या होत्या. एकीलाही रबर नव्हतं.

"आई, रबरं कुठं गेली?"

"कसली रबरं?"

"बाटल्यांची."

"ती व्हय? काढली म्या. सगळ्या बाटल्या चिकट झाल्या हुत्या, मुंग्या लागत हुत्या. गरम पाण्यानं धुवून पुसून ठिवल्या. खोकी बी टाकून दिली, उगं जागा अडवत हुती."

"कुठल्या बाटलीला किती रबरं होती?"

"मला काय म्हाईत? कोन मोजतंय?"

 त्यावर बोलले असते तर ओरडलेच असते. बाटल्यांची झाकणं उघडून वास घेतला. खोकल्याचं औषध आल्याच्या वासावरून बाजूला काढलं. राहिल्या दोन. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या, दोन्हींना संत्र्याचा गोड वास. अर्ध्या भरलेल्याही सारख्याच.

"ह्यी दे की," आईनं एक बाटली माझ्या हातात दिली. "परवा तू हीच घेतली हुतीस बग. रंग तसाच हाय."

"दुसरीचा रंग कसा आहे?"

आईनं दुसरी उचलली. "तसाच हाय," म्हणाली.

मला स्वतःलाही तीच वाटत होती. झाकणाच्या आतल्या कडेला धुऊनही पाक राहिल्यासारखा लागत होता, म्हणजे नेहमी उघडली जाणारी हीच असणार. मी सिरिंज काढली. बिनसुईची, औषध पाजायची. तिच्या दांड्याला श्रीशैलनं ब्लेडनं खाच पाडली होती, दांडा खाचेपर्यंत ओढला की माप बरोबर. मी ती बाटलीत बुडवलीसुद्धा. मग काढून घेतली.

"काय झालं?"

"खात्री नाही."

"आगं, मी सांगायली न्हव."

"तुलाही खात्री नाही, आई."

"लेकरू फणफणायलंय आन् तू बाटल्या हुंगत बसलीस!" तिचा आवाज चढला. "म्हणून म्हणते, घेऊन जाते. तिथं चार मानसं हायत डोळ्याची. हे असं किती दिवस चालवनार तुमी?"

वाक्य निघून गेल्यावर स्वयंपाकघरात फक्त ईश्वरीचं कण्हणं राहिलं. मला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. कारण ती बरोबर बोलत असेल तर? रबर नसलं की मला माझ्या मुलीचं औषध ओळखता येत नाही, हे तिच्यासमोर सिद्ध झालं होतं. आता अंदाजानं औषध पाजून ताप उतरला असता तर कदाचित मी जिंकले असते. तेवढा एक विचार माझ्या मनात येऊन गेला, हे मी लपवणार नाही.

मी फोन काढला. त्यात एक ॲप होतं, ते कॅमेऱ्यासमोरचा मजकूर वाचायचं. मी बाटली एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात धरला. फोननं दोन तुटके शब्द वाचले आणि गप्प झाला. गोल बाटलीवर अक्षरं वळून पलीकडे जातात. कॅमेरा किती लांब धरायचा, लेबल कुठे संपतं, उजेड कुठून पडतो, यातलं मला काहीच कळत नव्हतं. त्यात आईनं गरम पाण्यात धुतल्यामुळे लेबल एका बाजूनं सोलून आलं होतं. मी पुन्हा प्रयत्न केला. फोननं "हलवून घ्या" एवढंच इंग्रजीत वाचलं.

"आई, तू वाच. काय लिहिलंय?"

"इंग्रजी हाय. आन् बारीक मुंगीएवढी अक्षरं. माझा चष्मा गावाकडं ऱ्हायला." तिचा आवाज आता खाली आला होता. आई मराठी चौथीपर्यंत शिकलेली.

आई बघून आली, शेजारच्या दाराला कुलूप होतं. श्रीशैलच्या बँकेतल्या टेलिफोन बोर्डावर फोन लागत नव्हता, आणि लागला असता तरी त्यानं काय बघितलं असतं? मी बाटली आईच्या हातात दिली.

"तू धर. खिडकीपाशी चल. लेबल जिथून सुरू होतं ती बाजू माझ्याकडे कर. मी फोन धरते. मी सांगेन तसं थोडं थोडं फिरव."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तुला दिसतं ना? मग झालं. फोनच्या पडद्यात बाटली पूर्ण आली का सांग."

"अर्धीच आलीय. वर घे. आजून. हां, आता आली. चमकायलंय पन."

"मग सावलीत धर."

मी दुसऱ्या हातानं फोनच्या आवाजाचा वेग कमी केला. पार खाली आणला, नवीन मुलांना पहिल्या दिवशी देते तेवढा. इतक्या वर्षांत मी तो वेग कुणासाठी कमी केला नव्हता. फोन एकेक शब्द सुटा बोलायला लागला.

आई दचकली. "आगं, ही नीट बोलती की!"

"फिरव जरा."

तिनं बाटली फिरवली. फोननं औषधाचं नाव वाचलं. आणखी फिरवली. मग आकडा वाचला, इंग्रजीत. मी आईला म्हणाले, "अडीचशे म्हणतोय. तुला आकडा दिसतो का तिथं?"

एसटीच्या पाट्या आणि नोटा वाचून तिला इंग्रजी आकडे येत होते. आकडा अक्षरांपेक्षा मोठा छापलेला असणार. तिनं बाटली उजेडाकडे उचलली असावी, कारण बांगड्या मागे सरकल्याचा आवाज आला. "दोन," ती म्हणाली. "पाच. आन् एक शून्य."

"दुसरी घे."

दुसरी वाचायला जास्त वेळ लागला, लेबल फाटलं होतं. आईनं अंगठ्यानं ते परत चिकटवून धरलं. फोननं एकशे पंचवीस वाचलं. आईनं एकेक आकडा बोलून दाखवला, एक, दोन, पाच. मी दोन्ही बाटल्या पुन्हा एकदा वाचायला लावल्या. तिनं कुरकुर केली नाही.

आईनं आधी निवडलेली, आणि माझ्याही मनानं घेतलेली बाटली दुप्पट जोराची निघाली होती. 

तेवढ्यावर मी थांबले नाही. डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या बाईंनी उचलला. आई शेजारीच उभी होती. मी जे सांगितलं ते तिच्यासमोर सांगायला मला फार जड गेलं.

"मॅडम, मी ईश्वरीची आई. आम्ही दोघं अंध आहोत, तुम्हाला माहीत आहे. माझ्या घरी औषधांच्या बाटल्या मिसळल्या. मी वाचून घेतल्यात, पण मला एकदा खात्री करून द्या." मी नाव सांगितलं, आकडा सांगितला, ताप सांगितला, वजन सांगितलं. त्यांनी डॉक्टरांना विचारून माप सांगितलं. खाचेएवढंच होतं. रात्रीपर्यंत ताप हटला नाही तर घेऊन या, म्हणाल्या.

मी औषध भरलं. ईश्वरीनं निम्मं थुंकायचा प्रयत्न केला, पण मी सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला धरून थोडं थोडं सोडते, तिथून थुंकता येत नाही. आईनं फडकं ओलं करून आणलं. आम्ही दोघी आळीपाळीनं तिचं अंग पुसत बसलो. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. चारची एसटी गेली असेल असं मनात आलं.

उन्हं कलल्यावर ईश्वरीच्या मानेला घाम आला. तिनं पाय हलवला आणि वाळा वाजला.

"उतरला," आई म्हणाली.  नंतर तिनं विचारलं, "नंदे, तुला काय वाटतं, तू जन्मापासून अशी हैस?"

"म्हणजे?"

"तुझा बाप तसंच सांगायचा. शाळेत बी तसंच लिवून दिलं. तसं न्हाई."

 मी हातातलं फडकं पिळत राहिले.

"तू चांगली बगायचीस. मला बगून हसायचीस. चालायच्या आधी गोवर आला तुला. घरात म्हणाले देवी हाय, औषध द्यायचं न्हाई, लिंबाचा पाला टाका. तुझं डोळं चिकटायला लागलं. चिपडं हायत म्हणून मी पदरानं पुसायची. रोज पुसायची. तालुक्याला सरकारी डाक्टर हुता. तुझी आत्या म्हणाली, एकदा इचार तरी."

"मग?"

"म्या न्हाई इचारलं." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "पहिलं लेकरू. लोक म्हनतील हिला लेकरू सांभाळता येत न्हाई. सासू म्हनंल. त्याला भ्याले."

ती रडत होती. आवाज न करता, पण श्वासावरून कळत होतं. इथं मी आईला मिठी मारली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला तेव्हा तिचा संताप आला होता. तीस वर्षं मी स्वतःला जन्मांध समजत आले, देवाशी भांडले, नशिबाशी भांडले, आणि माणूस समोरच होतं. मी ईश्वरीच्या पायावर हात ठेवून बसून राहिले. तो पाय गार होता, घामानं ओला होता. मला तेवढंच धरायला होतं.

"मघाशी तू त्या बाईला फोन लावलास," आई म्हणाली, "माझ्यासमोर. मी न्यायला बसलेली हाय हे म्हाईत असून. मला ते जमलं नव्हतं."

मी उठून चहा टाकला. 

संध्याकाळी श्रीशैल आला. दारातल्या पिशवीला त्याचा पाय लागला. "मामी, गेला नाहीत?" त्यानं विचारलं.

"उद्या जाते, जावईबापू," आई म्हणाली. "एकलीच जाते. पिशवीतलं स्वेटर काढून ठिवा, झुरळं लागत्याल."

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि डबे उघडायचे आवाज यायला लागले. गावाकडून आणलेली शेंगाची चटणी तिनं शेजाऱ्यांना वाटायला पुड्या बांधून ठेवली होती, आणि बाटल्यांची रबरं त्या पुड्यांना लावली होती. ती एकेक रबर काढून घेऊन आली. पुड्या सुटून चटणी सांडली असणार, वास खोलीभर झाला.

"कुठल्या बाटलीला किती?" तिनं विचारलं. "सांग. मी चढवते."

"तापाला एक. खोकल्याला दोन."

"आन् जोराची?"

"ती टाकून दे."

तिनं रबरं चढवली आणि बाटल्या माझ्या हातात दिल्या, मी बोटानं तपासून घ्याव्यात म्हणून. रबरांना तिखट लागलं होतं. कितीतरी दिवस त्या फळीला शेंगाचटणीचा वास येत होता.

ईश्वरी आता शाळेत जाते. मला पेपर वाचून दाखवायचा हट्ट करते आणि फोनपेक्षा हळू वाचते म्हणून माझा ओरडा खाते. आईवरचा राग पुरता गेला असं मी म्हणणार नाही. कधीकधी काही कारण नसताना येतो, मग मी दोनचार दिवस तिला फोन करत नाही. तीही समजून घेते, लावत नाही.

मागच्या दिवाळीत गावी गेले होते. दुपारी आईला खोकल्याची उबळ आली. घरात आम्ही दोघीच. "कोनाड्यातली बाटली दे गं," ती म्हणाली.

मी कोनाड्यात हात घातला. तिथं तिची औषधं होती, बीपीच्या गोळ्यांची डबी, गुडघ्याचं तेल, खोकल्याची बाटली. प्रत्येकाला रबरं लावलेली होती. डबीला एक, बाटलीला दोन, तेलाला तीन.

"आई, ही रबरं तुला कशाला? तुला दिसतंय की."

"मला न्हाई. तुला."

"मी वर्षातून दोनदा येते इथं."

"येतीस न्हव? मग आलीस की तूच द्यायचं औषध."

मी दोन रबरांची बाटली काढली, चमचा भरला आणि पुढे केला. कुठली बाटली आहे हे आईनं विचारलं नाही.